घरगुती की हातभट्टीची? एका खेळातल्या 'अधिकृत' शिक्क्याचा इतिहास

टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रे होतात, आणि पात्राने मारलेली उडी दरीपलीकडे पोचली की नाही हे फासे ठरवतात. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाची ओळख करून द्यायला एवढे पुरेसे आहे. गोष्ट चालवणाऱ्याला तिकडे 'डंजन मास्टर' म्हणतात. आपण त्याला सूत्रधार म्हणू. आज हा खेळ खेळणारे बरेच जण पात्राची नोंद कागदावर न करता संगणकावरच्या साधनांत करतात. तिथे नवे पात्र घडवायला बसले की आधी काही खटके दाबावे लागतात. घरगुती मजकूर चालेल का? चाचणीतला चालेल का? अमुक भागीदाराच्या पुस्तकातला चालेल का? पुढे प्रत्येक मंत्राच्या, शस्त्राच्या, राक्षसाच्या नावाशेजारी तो कुठून आला हे सांगणारी चिठ्ठी असते. ही चिठ्ठी साधी माहिती वाटते. पण तिच्यामागे पन्नास वर्षांची भांडणे आहेत, कोर्टकज्जे आहेत, आणि 'कल्पना कोणाच्या मालकीची' हा साहित्याच्या वाचकाला चांगलाच ओळखीचा प्रश्न आहे.

अनधिकृत मजकुराला या खेळात 'होमब्रू' म्हणतात. मूळ अर्थ घरी गाळलेली बिअर. मराठीत या शब्दाला दोन प्रतिशब्द सुचतात आणि दोन्ही खरे आहेत. एक 'घरगुती': घरगुती लोणचे, घरगुती खानावळ. त्यात जिव्हाळा आहे, विश्वास आहे. दुसरा 'हातभट्टीची': त्यात चोरटेपणा आहे, पोलिसांची भीती आहे, आणि प्यायल्यावर काय होईल याची शंका आहे. खेळाडूने स्वतः रचलेल्या नियमाला यांतला कोणता शब्द लावायचा, यावरच गेल्या पन्नास वर्षांत मते फिरत राहिली आहेत.

आरंभी हा प्रश्नच नव्हता. १९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावातून गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ बाजारात आणला. प्रकाशक होती गायगॅक्स यांनी भागीदारीत काढलेली 'टीएसआर' ही कंपनी. खोक्यात तीन पातळ पुस्तिका, किंमत दहा डॉलर, पहिल्या आवृत्तीच्या प्रती १०००. नियम इतके त्रोटक की ते वाचून कोणीही जसाच्या तसा खेळ खेळू शकत नसे. लढाईचे नियम दुसऱ्या एका खेळाच्या पुस्तकातून घ्यायचे, प्रवासासाठी तिसऱ्याच खेळाचा पट वापरायचा आणि उरलेले स्वतः ठरवायचे. तिसऱ्या पुस्तिकेच्या शेवटी लेखकांनीच वाचकांना सुचवले होते की अडेल तिथे आम्हाला विचारू नका, तुम्हीच कल्पना लढवा. म्हणजे प्रत्येक टेबलावरचा खेळ घरगुतीच होता.

त्यामुळे मूळ खेळ आणि भर यांच्यातली सीमा पहिल्या दिवसापासून पुसट होती. चोराचे पात्र हे आज या खेळाच्या चार मूळ खांबांपैकी एक मानले जाते. १९७४ च्या खोक्यात ते नव्हते. कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका इथल्या एका दुकानात जमणाऱ्या खेळाडूंनी ते रचले, त्याची बातमी गायगॅक्स यांच्यापर्यंत पोचली, आणि १९७५ च्या 'ग्रेहॉक' या पुरवणीत चोर अधिकृत झाला. त्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये ली गोल्ड यांनी 'अलारम्स अँड एक्स्कर्शन्स' हे हौशी नियतकालिक सुरू केले. सदस्यांनी आपापली पाने छापून पाठवायची, संपादकाने ती एकत्र बांधून सर्वांना टपालाने धाडायची. त्या पानांतून नवे मंत्र, नवे राक्षस, नव्या पद्धती फिरू लागल्या. कोणाच्याही नावावर शिक्का नव्हता, कारण शिक्का मारणारे कोणी नव्हते.

शिक्क्याची गरज आधी बाजाराला वाटली. १९७६ मध्ये इलिनॉय राज्यातल्या डिकेटर इथे बॉब ब्लेडसॉ आणि बिल ओवेन यांनी 'जजेस गिल्ड' ही संस्था काढली. तयार नकाशे, तयार शहरे, तयार साहसे ते विकत. प्रत्येक सूत्रधाराला आपले जग स्वतःच रचायला आवडते, तयार माल घेणार कोण, अशी टीएसआरची तेव्हाची समजूत होती. म्हणून त्यांनी जजेस गिल्डला खेळाचे नाव वापरण्याची परवानगी दिली, आणि मुखपृष्ठावर 'डंजन्स अँड ड्रॅगन्ससोबत वापरण्यास मान्यताप्राप्त' अशा अर्थाची ओळ आली. माल खपला. तयार साहसांना गिऱ्हाईक आहे हे टीएसआरला कळले, आणि पुढच्या काही वर्षांत तो धंदा त्यांनी स्वतःकडे घेतला. ज्यांनी परवानगी घेतली नाही त्यांची वाट वेगळी झाली. डेव्ह हारग्रेव्ह यांचे 'आर्डुइन ग्रिमॉर' १९७७ मध्ये आले. टीएसआरने हरकत घेतल्यावर त्यातले मूळ खेळाचे उल्लेख झाकावे लागले. मजकूर तोच राहिला. तो कशासाठी आहे, एवढेच सांगायची बंदी झाली.

याच सुमारास गायगॅक्स यांची भूमिका बदलली. १९७७ ते १९७९ या काळात 'अ‍ॅडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स'ची तीन जाड पुस्तके आली. त्यामागचे उघड कारण एकसारखेपणाचे होते. मेळाव्यांत स्पर्धा भरत, आणि एका गावचा खेळाडू दुसऱ्या गावच्या टेबलावर बसला तर नियम तेच असावेत, अशी अपेक्षा होती. ती रास्तही होती. पण दुसरी बाजू हिशेबाची होती. नवी पुस्तके म्हणजे वेगळाच खेळ, असे कंपनीचे म्हणणे होते आणि तसे धरले तर सहलेखक आर्नेसन यांना मानधन देणे लागत नव्हते. १९७९ मध्ये आर्नेसन न्यायालयात गेले. १९८१ मध्ये तडजोड झाली. 'हा खेळ अधिकृत, तो वेगळा' या वाक्यात नियमांबरोबर पैशांचीही वाटणी होते, हे तेव्हा पहिल्यांदा स्पष्ट दिसले.

१९८२ साली 'ड्रॅगन' मासिकात गायगॅक्स यांनी अधिकृत म्हणजे काय यावर लेखच लिहिला. पोकर आणि बुद्धिबळ यांचे नियम जसे ठरलेले आहेत तसेच याही खेळाचे आहेत, आणि मान्यता नसलेली भर घालून खेळणारे दुसराच कुठला तरी खेळ खेळत आहेत, असा त्यांचा युक्तिवाद होता. आठ वर्षांपूर्वी वाचकाला स्वतः कल्पना लढवायला सांगणारे हेच ते लेखक. यात ढोंग होते असे म्हणण्याची घाई करू नये. घरगुती टेबल आणि सार्वजनिक स्पर्धा या दोन ठिकाणी 'नियम' या शब्दाचा अर्थ वेगळा असतो. गायगॅक्स यांनी दुसऱ्या ठिकाणचा अर्थ पहिल्या ठिकाणीही लागू केला, एवढाच त्याचा अर्थ.

अधिकृत म्हणजे अस्सल, असा समज मात्र या काळात पक्का झाला. तो किती पोकळ आहे हे भारतीय वाचकाला एका उदाहरणाने पटेल. १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये राक्षस आहे, याच नावाने, भारतातला म्हणून. तो वाघाच्या तोंडाचा, उंची कपडे घालून आरामात बसणारा, आणि मंतरलेल्या बाणाने मरणारा. रामायण-महाभारत वाचलेल्या कोणालाही हा वाघतोंड्या ओळखू येणार नाही. तो बाण आला १९७४-७५ च्या 'कोलचॅक: द नाइट स्टॉकर' या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेतून, राक्षस बेतताना ती मालिका आपल्यासमोर होती हे गायगॅक्स यांनीच सांगितले होते. पन्नास वर्षे हा राक्षस अधिकृत आहे. पुण्यात किंवा चेन्नईत कोणी सूत्रधाराने आजीकडून ऐकलेला राक्षस टेबलावर आणला, तर साधन त्याच्यापुढे 'घरगुती' अशी चिठ्ठी लावील. चिठ्ठी खोटी नाही. ती फक्त कोणी छापले ते सांगते. खरे काय, हे ती कधीच सांगत नव्हती.

दुसरे उदाहरण उलट दिशेचे आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस चार्ल्स स्ट्रॉस या इंग्लंडमधल्या शाळकरी मुलाने 'गिथयांकी' नावाचे लढवय्ये रचून 'व्हाइट ड्वार्फ' या मासिकाला पाठवले. नाव त्याने जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या 'डाइंग ऑफ द लाइट' या १९७७ च्या कादंबरीतून उचलले होते. वाचकांनी पाठवलेल्या अशा प्राण्यांचा संग्रह १९८१ मध्ये 'फीन्ड फोलिओ' या नावाने टीएसआरने काढला आणि गिथयांकी थेट मुखपृष्ठावर गेले. स्ट्रॉस पुढे विज्ञानकथाकार म्हणून नावाजले. गिथयांकी कुठे गेले ते जरा पुढे पाहू.

कंपनीबाहेरच्या प्रकाशकांचे काय? १९८२ पासून शिकागोच्या 'मेफेअर गेम्स'ने परवानगी न घेता 'रोल एड्स' ही पुस्तकमाला काढली. मेफेअरचे संस्थापक डार्विन ब्रॉमली स्वतः वकील. दुसऱ्याच्या खेळासोबत वापरता येते एवढे सांगायला त्याचे नाव घेणे गैर नाही, ही त्यांची भूमिका. १९८४ मध्ये दोघांत करार झाला: नाव वापरा, पण ठरलेल्या पद्धतीने, आणि ते नाव टीएसआरचे असून या वापराला त्यांची मान्यता नाही हे छापा. 'मान्यताप्राप्त'च्या जागी 'मान्यता नसलेले' हेच आता परवानगीचे रूप झाले. १९९१ मध्ये टीएसआरने करारभंगाचा दावा लावला. १९९३ मध्ये न्यायालयाने काही बाबतींत मेफेअरची चूक धरली, मालिका बंद करायला मात्र सांगितले नाही. मग टीएसआरने ती मालिका विकतच घेतली आणि प्रश्न मिटवला.

इंटरनेट आल्यावर हीच गोष्ट हौशी खेळाडूंच्या वाट्याला आली. ते आपले नियम विद्यापीठांच्या संगणकांवर ठेवून एकमेकांना देत. १९९४ मध्ये टीएसआरने सांगितले की हे सारे एकाच परवानाधारक ठिकाणी ठेवा आणि प्रत्येक फाइलवर ठरावीक मजकूर चिकटवा: हे टीएसआरच्या साहित्यावर आधारलेले आहे आणि टीएसआरची याला संमती नाही. घरी चार मित्रांसाठी लिहिलेल्या पानालाही आता कबुलीजबाब जोडायचा होता. कंपनीच्या आद्याक्षरांवरून 'हे सदा दावेच लावतात' अशा अर्थाची थट्टा तेव्हा रूढ झाली. १९९७ मध्ये डबघाईला आलेली टीएसआर 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट'ने घेतली, आणि १९९९ मध्ये त्यांना 'हॅस्ब्रो'ने.

नव्या मालकांनी उलटा पवित्रा घेतला. २००० साली रायन डॅन्सी यांच्या पुढाकाराने 'ओपन गेम लायसन्स' आले. खेळाचा कणा असलेले नियम एका संदर्भपत्रात खुले केले. त्यावर कोणीही पुस्तक लिहून विकावे. मात्र शिक्क्यांची उतरंड आणखी बारीक झाली. प्रत्येक पुस्तकात कोणता भाग खुला आणि कोणता राखीव हे स्पष्ट दाखवणे बंधनकारक होते. शिवाय परवान्याची एक अट अशी की मूळ खेळाचे नाव घेऊन 'यासोबत चालते' असे म्हणायचे नाही. म्हणून शेकडो पुस्तकांच्या पाठीवर 'जगातला सर्वांत लोकप्रिय कल्पनारम्य भूमिका-खेळ' असे आडवळणाचे शब्द आले. जुन्या पिढीतली पत्नी नवऱ्याचे नाव न घेता 'आमच्याकडे' म्हणे, त्यातलाच प्रकार. 'डी-ट्वेंटी सिस्टम'चा वेगळा शिक्का हवा असेल तर त्याच्या वेगळ्या अटी होत्या. २००३ मध्ये एका प्रकाशनसंस्थेने कामविषयक पुस्तक जाहीर करताच त्या अटींत सभ्यतेचे कलम वाढवले गेले. ते पुस्तक मग शिक्क्याविना, केवळ खुल्या परवान्यावर निघाले. नियम खुले आणि शिक्का बंद, हा फरक त्या दिवशी सर्वांना कळला.

आणि गिथयांकी? खुल्या संदर्भपत्रासोबत राखीव नावांची एक यादी होती, कोणीही वापरू नयेत अशी. तिच्यात ते होते. एका कादंबरीतून नाव उचलून शाळकरी मुलाने रचलेले, वाचकांच्या सदरातून आलेले प्राणी आता कंपनीची खास ओळख ठरले. २०२३ च्या 'बॉल्डर्स गेट ३' या संगणकीय खेळात तर एक गिथयांकी प्रमुख पात्र आहे. घरगुती ते राखीव, हा प्रवास पूर्ण व्हायला जेमतेम दोन दशके पुरली.

यानंतर शिक्का छापील पानावरून साधनांत उतरला, आणि त्याचे काम बदलले. पुस्तकावरची ओळ वाचकाला काहीतरी सांगे. ऐकायचे की नाही हे तो ठरवी. २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'डी अँड डी बियॉन्ड'सारख्या साधनात तीच ओळ खटका बनते. खटका बंद असेल तर तो मंत्र यादीत दिसतच नाही. चाचणीसाठी काढलेल्या 'अनअर्थ्ड आर्काना' या पत्रिकांची स्थिती अशीच मधली: कंपनीनेच लिहिलेल्या, तरी अधिकृत नव्हेत, आणि संघटित स्पर्धांत चालत नाहीत. २०१६ पासून 'डंजन मास्टर्स गिल्ड' या विक्रीस्थळी कंपनीच्या जगांवर आधारलेले लेखन विकता येते. किमतीतला अर्धा वाटा लेखकाला, उरलेला कंपनी आणि दुकानदाराला. इथेही मजकूर कायदेशीर आहे, अधिकृत नाही.

लेखक एकच असला तरी चिठ्ठ्या वेगळ्या पडतात. खेळ थेट प्रक्षेपित करणाऱ्या 'क्रिटिकल रोल' या मंडळीचे सूत्रधार मॅथ्यू मर्सर यांनी एकच काल्पनिक जग रचले. त्यातल्या टालडोरे खंडाचे पुस्तक २०१७ मध्ये 'ग्रीन रोनिन'ने काढले, ते अनधिकृत. शेजारच्या वाइल्डमाउंट खंडाचे २०२० मध्ये विझर्ड्सने काढले, ते अधिकृत. जग एक, लेखक एक, समुद्र ओलांडला की शिक्का बदलतो.

२०२२ मध्ये हॅस्ब्रोने डी अँड डी बियॉन्ड १४६.३ दशलक्ष डॉलरना विकत घेतले. नियम, शिक्का आणि साधन तिन्ही एका हातात आले. जानेवारी २०२३ मध्ये नव्या परवान्याचा मसुदा फुटला. जुना खुला परवाना यापुढे मान्य नाही, असे त्यात होते. मोठ्या प्रकाशकांकडून उत्पन्नातला वाटाही मागितला होता. वीस वर्षे या परवान्याच्या भरवशावर छोटी प्रकाशनगृहे उभी राहिली होती. लेखक, चित्रकार, नकाशे काढणारे यांची घरे त्यावर चालत होती. खेळाडूंनी वर्गण्या रद्द केल्या, हजारोंनी कंपनीच्या पाहणीत नाराजी नोंदवली, आणि २७ जानेवारी २०२३ रोजी कंपनीने मूळ नियमांचे संदर्भपत्र 'क्रिएटिव्ह कॉमन्स'खाली खुले केले. ते आता परत घेता येत नाही. त्यासोबत 'पाचव्या आवृत्तीशी सुसंगत' असे पुस्तकावर म्हणण्याची मोकळीकही दिली. आर्डुइनला ज्या एका वाक्याची मनाई झाली होती, ते जवळजवळ तसेच शेहेचाळीस वर्षांनी छापता येऊ लागले.

तरी शेवटचा धडा ऑगस्ट २०२४ चा आहे. नवी नियमपुस्तके येणार होती. साधनातल्या पात्रांच्या नोंदींत २०१४ चे मंत्र आणि जादूच्या वस्तू नव्या रूपाने बदलल्या जातील, असे कंपनीने जाहीर केले. जुने रूप हवे असणाऱ्यांनी ते घरगुती मजकूर म्हणून स्वतः भरून घ्यावे. म्हणजे पैसे मोजून घेतलेला, दहा वर्षे अधिकृत असलेला नियम एका दिवसात होमब्रू होणार होता. गदारोळ झाला, काही दिवसांत निर्णय मागे गेला, आणि जुने नियम 'लेगसी' अशा चिठ्ठीने नव्यांशेजारी राहिले.

या साऱ्यातून एक गोष्ट निघते. 'अधिकृत' ही चिठ्ठी तीन प्रश्नांना एकच उत्तर देते. हे कोणी लिहिले? याचे हक्क कोणाकडे आहेत? आज आमच्या टेबलावर हे चालेल का? पहिला प्रश्न इतिहासाचा, दुसरा कायद्याचा, तिसरा चार मित्रांच्या संमतीचा. चोर, राक्षस आणि गिथयांकी यांच्या गोष्टी सांगतात की पहिल्याचे उत्तर दुसऱ्यातून मिळत नाही. २०२४ चा प्रसंग सांगतो की तिसऱ्याचे उत्तर साधनावर सोडले तर ते टेबलाच्या हातात राहत नाही.

चिठ्ठ्या नसाव्यात असा याचा अर्थ नाही. मराठी वाचकाला याचे एक जुने आणि चांगले उदाहरण घरातच सापडेल. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात वि. स. सुखटणकर आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. ते काम १९६६ मध्ये पुरे झाले. मूळ संहितेत न बसणारे श्लोक त्यांनी प्रक्षिप्त ठरवले, पण फेकले नाहीत. तारांकित करून पानाच्या खाली छापले, मोठे उतारे परिशिष्टांत दिले, आणि कोणत्या पोथीत काय आहे ते नोंदवले. वाचकाला निवाडा दिसतो, निवाड्याचा पुरावाही दिसतो, आणि नाकारलेला श्लोक हवा तर वाचता येतो. तिथली चिठ्ठी मजकूर लपवत नाही.

खेळाच्या साधनांकडून एवढीच अपेक्षा धरावी. मजकूर कोणाचा, कधीचा, कोणत्या परवान्यावरचा हे त्यांनी सांगावे. लिहिणाऱ्याचे नाव पुसू नये. जुने झालेले काढून टाकू नये. घरगुती आणि हातभट्टीची यांतला फरक कंपनीच्या शिक्क्याने ठरत नाही. तो चव घेणारे ठरवतात, आणि ते टेबलाभोवती बसलेले असतात.